उमेदवारांचा चौरस मैल

लंडनला जाऊन आलेल्या मंडळींची प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. त्यांत राजवाडा असतो, पहारेकऱ्यांच्या पालटाचा सोहळा असतो, टेम्स नदीवरचा दुभंगणारा पूल असतो आणि मेणाच्या पुतळ्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्रही असते. हे सारे आम्हीही पाहिले. त्यासाठी वाचकांना तसदी देण्याचे कारण नाही. परंतु २०२४ च्या सप्टेंबरात तीन आठवडे तेथे राहण्याचा योग आला, तेव्हा आमचे बरेचसे दिवस अशा एका भागात गेले की जेथे पाहुणे मंडळी सहसा पायी हिंडत नाहीत. लंडनकर त्या भागाला नुसते ‘सिटी’ म्हणतात. एवढ्या अफाट नगरीत ‘शहर’ हे नाव एकट्या त्या तुकड्याने आपल्याकडे ठेवून घ्यावे, यातच त्याचा तोरा दिसून येतो.

क्षेत्रफळ एका चौरस मैलाहून किंचित अधिक. रात्री तेथे झोपणारी माणसे दहा हजारांहून कमी, आणि सकाळी कामाला येणारी पाच लाखांहून अधिक. पहिल्या दिवशी साडेआठच्या सुमारास ‘बँक’ याच नावाच्या भुयारी स्थानकातून आम्ही वर आलो, तो अंगावर जणू पालखीच्या वाटेवरची गर्दी चालून आली. फरक एवढाच की या वारीत टाळमृदंग नाही, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि प्रत्येकाच्या गळ्यात तुळशीच्या माळेऐवजी ओळखपत्राची पट्टी.

वाट दाखवायला आमची भाची होती. आमच्या सौ.च्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. तिचे वडील वडोदऱ्याला मकरपुऱ्यात यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना चालवतात. घर तारण ठेवून त्यांनी मुलीला लंडनच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला धाडले. पदवीची दोन वर्षे संपली होती, तिसरे व शेवटचे सुरू व्हायचे होते, आणि मधल्या उन्हाळ्यात तिने एका मोठ्या बँकेत दहा आठवड्यांची इंटर्नशिप केली होती. बँकेचे नाव येथे नको. तशा तेथे पुष्कळ आहेत आणि रीत बहुतेक सर्वांची एकच आहे.

इंटर्नशिप हा शब्द आता आपल्या घराघरांत आला आहे. पण त्यासाठी मराठीत एक जुना आणि नेमका शब्द होता: उमेदवारी. आमच्या आजोबांच्या पिढीत मुलगा चार इंग्रजी इयत्ता शिकला, की त्याला कोणा ओळखीच्या हेडकारकुनाच्या हाताखाली कचेरीत उमेदवारीला लावीत. पगार नाही, टाक, दौत आणि आशा. जागा रिकामी झाली म्हणजे वर्णी लागायची. पुढे निवडणुकांनी हा शब्द पळवला आणि आज उमेदवार म्हटले की हात जोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो.

लंडनच्या उमेदवारीत पगार मिळतो, आणि चांगला मिळतो. बाकी आशेचा भाग तोच. तेथील गुंतवणूक बँका, म्हणजे ज्या आपल्या बँकांप्रमाणे पासबुक भरून देत नाहीत, तर कंपन्यांच्या खरेदीविक्रीचे आणि रोख्यांचे व्यवहार जुळवतात, त्या पदवीच्या शेवटून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात नऊदहा आठवडे कामाला घेतात. काम खरेच असते. पण त्याच्या आड नऊदहा आठवडे चाललेली मुलाखत असते. अखेरच्या दिवसांत एकेकाला खोलीत बोलावून सांगण्यात येते, ‘पदवी घेऊन या, तुमची जागा राखली आहे’, नाहीतर, ‘धन्यवाद’. पहिल्या उत्तराला ‘रिटर्न ऑफर’ म्हणतात. पुढल्या वर्षीच्या कायम जागांचा मोठा हिस्सा याच मुलांनी भरून जातो, त्यामुळे ज्याला ती मिळाली नाही त्याच्यापुढे दार अगदीच बंद होत नसले तरी जेमतेम किलकिले राहते.

आमच्या भाचीला ‘धन्यवाद’ मिळाले होते. मावशीला तिने हे विमानतळावरून येताना गाडीतच सांगून टाकले. वडिलांना मात्र महिना होत आला तरी सांगितले नव्हते. ‘निकाल लागायचा आहे’ एवढेच वडोदऱ्याला ठाऊक होते. ‘काका, तुम्ही फोनवर काही बोलू नका हं,’ असे तिने आम्हाला बजावले. बोलणार नाही, असे आम्ही म्हणालो खरे. पण रोज संध्याकाळी मेहुण्यांचा फोन वाजला की आमचा जीव खालीवर होई.

असो. आधी सिटीत फिरू.

बँक ऑफ इंग्लंड ही १६९४ सालची संस्था; थ्रेडनीडल स्ट्रीटवर ती १७३४ पासून आहे. तिच्या भिंतीला रस्त्याच्या बाजूने खिडक्याच नाहीत, त्यामुळे किल्ल्याभोवती फिरल्यासारखे वाटते. बाजूच्या बार्थोलोम्यू लेनमध्ये बँकेचे संग्रहालय आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे. तेथे काचेच्या पेटीत सोन्याची एक खरी वीट आहे. पेटीच्या भोकातून हात घालून ती उचलून पाहता येते. वजन तेरा किलोच्या घरात. आमची छत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत गेली, पण सोने हाती धरण्याचा योग सराफाच्या दुकानाबाहेर कधी आला नव्हता. आम्ही दोनदा उचलून पाहिली. भाची म्हणाली, ‘आमचा उन्हाळा असाच गेला, काका. उचलून बघा, हात काढून घ्या.’ हे बोलून ती हसली. आम्ही आल्यापासून ती प्रथमच हसत होती.

समोरचे रॉयल एक्स्चेंज म्हणजे व्यापाऱ्यांनी भेटण्याची जागा. राणी पहिल्या एलिझाबेथने ते १५७१ मध्ये उघडले, १६६६ च्या मोठ्या आगीत ते जळाले. पुन्हा बांधले, १८३८ मध्ये पुन्हा जळाले. आज उभी आहे ती १८४४ ची तिसरी इमारत. तिच्यात आता घड्याळांची आणि अत्तरांची भारी दुकाने आहेत. किमती पाहून आमच्या सौ. त्वरेने बाहेर आल्या. पलीकडे लाँबर्ड स्ट्रीट आणि कॉर्नहिल यांच्यामध्ये बोळांचे एक जाळे आहे. आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या बोळांची आठवण यावी असे. यांतल्याच एका बोळात १६५२ मध्ये लंडनचे पहिले कॉफीगृह निघाले. दुसऱ्या बोळातल्या जोनाथनच्या कॉफीगृहात १६९८ पासून भागांच्या व मालाच्या भावांची यादी निघू लागली आणि लंडनचा शेअरबाजार त्या पेल्यांतून जन्मला. तेव्हा पेढीत शिरायचे तर कोणाचा तरी मुलगा, पुतण्या किंवा जावई असावे लागे. आता संगणकावर गणिताचा पेपर सोडवावा लागतो. आमच्या मते ही सुधारणा आहे, जरी भाचीला त्या पेपरचा मनापासून तिटकारा आहे.

तेथून पूर्वेला लेडनहॉल स्ट्रीट. या रस्त्यावर लॉइड्स या विमा-बाजाराची १९८६ मध्ये पूर्ण झालेली इमारत आहे. नळ, जिने, पाळणे सगळे अंगाबाहेर काढलेले. घर उलटे करून वाळत घातल्यासारखे दिसते. तरुण मंडळी तिची छायाचित्रे काढीत होती. आम्ही मात्र तेथे थांबलो ते दुसऱ्याच कारणासाठी. याच जागी १८६१ पर्यंत ईस्ट इंडिया हाउस होते. पुण्याचे, साताऱ्याचे, नागपूरचे, आणि आमच्या गायकवाडांच्या दौलतीचेही कितीतरी निर्णय येथल्या टेबलांवर झाले. कंपनीच्या चाकरीत शिरणाऱ्या गोऱ्या पोरांच्या नेमणुकाही येथेच होत, आणि त्या संचालकांच्या शिफारशीने होत. १८५३ च्या कायद्याने ती शिफारस गेली आणि १८५५ मध्ये पहिली स्पर्धापरीक्षा झाली.

येथे रंगो बापूजींची आठवण झाल्यावाचून मराठी माणसाचे पाऊल पुढे पडू नये. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची कैफियत घेऊन हा वकील लंडनला आला आणि चौदा वर्षांच्या आसपास येथे राहिला. इंग्रजी शिकला, अर्ज लिहिले, छापून वाटले. कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून सातारा प्रकरणावर वाद झडले, मते पडली. निकाल प्रत्येक वेळी विरुद्ध. १८४७ मध्ये महाराज काशीस वारले, पुढल्याच वर्षी राज्य खालसा झाले, तरी हा गृहस्थ अर्ज करीतच होता. प्रबोधनकार ठाकरे यांचा या प्रकरणावरचा ग्रंथ आम्ही कॉलेजात असताना वाचला होता. भाचीने ही नावे ऐकली नव्हती. वडोदऱ्याच्या शाळांत सातारा कोण शिकवणार? ती फुटपाथवर उभी राहून सारे ऐकत होती. शेवटी तिने विचारले, ‘मग मिळाले का?’

नाही मिळाले. ते रिकाम्या हातांनी परत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत जे अदृश्य झाले ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. तिला धीर येईल अशी ही कथा नव्हे, हे आमच्या सौ.नी आम्हाला कोपराने सुचवले. राज्य गेलेल्या धन्याचा वकील आणि नोकरी हुकलेली मुलगी यांची तुलना करण्याचा वेडेपणा आम्हीही करीत नाही. त्याचे मागणे न्यायाचे होते. हिचे संधीचे आहे, आणि संधी देणारी घरे येथे एक सोडून शंभर आहेत. हा फरक आम्ही तिला सांगितला. ती म्हणाली, ‘हे मात्र खरे.’

लेडनहॉल मार्केट ही १८८१ ची लोखंड-काचेच्या छताची मंडई. पूर्वी येथे कोंबडी-मांस विकत, आता बँकांतली माणसे दुपारचे खाणे उरकतात. तेथे एका बाकावर बसून आम्ही घरून आणलेले ठेपले आणि लोणचे खाल्ले, आणि आमच्या सौ.नी, इतके दिवस विचारायचे राहिलेले, सरळ विचारले: ‘पण त्यांनी तुला नको का म्हटले?’

कारण ऐकून आम्ही चकित झालो. काम चोख होते. आकडे चुकले नव्हते, वेळ चुकली नव्हती. ‘तू बैठकीत बोलत नाहीस. विचारल्यावाचून मत देत नाहीस. प्रश्न विचारत नाहीस,’ असे तिला त्या खोलीत सांगण्यात आले होते. दहा मिनिटांचे काम. शिवाय त्या विभागात उमेदवारांपेक्षा जागाच कमी होत्या, हेही तिला मागाहून कळले. ‘मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, हे आम्हीच शिकवले ना पोरींना,’ असे आमच्या सौ. उद्गारल्या आणि बराच वेळ गप्प राहिल्या. आम्हाला वाटते, यात शिकवणीचा दोष नाही. ज्या घरात चार पिढ्या एका छपराखाली राहतात, त्या घराचा तो नियम आहे आणि त्या घरासाठी तो योग्य आहे. बँकेच्या टेबलाचा नियम निराळा. तेथे गप्प बसणाऱ्याला काही येत नाही असे धरतात. दोन्ही नियम पाळणे एका मुलीला अशक्य नाही, पण दहा आठवड्यांत दुसरा अंगवळणी पडावा ही अपेक्षा थोडी जास्तच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी कॅनरी वॉर्फला गेलो. बँक स्थानकातून चालकाशिवाय धावणारी छोटी आगगाडी निघते. अगदी पुढच्या बाकावर बसावे; रूळ आपल्याच पोटात शिरतात असे वाटते. कॅनरी वॉर्फ म्हणजे मूळच्या वेस्ट इंडिया गोद्या. १८०२ मध्ये त्या बांधल्या, कॅरिबियन बेटांवर गुलामांकडून पिकवून घेतलेली साखर उतरवण्यासाठी. १९८० मध्ये त्या बंद पडल्या. एका जुन्या साखरगुदामात आज गोद्यांचे संग्रहालय आहे. तेथे ही गुलामांची कथा आडपडदा न ठेवता सांगितली आहे. गुदामासमोर गोद्यांच्या संस्थापकांपैकी एका गुलाममालकाचा पुतळा होता, तो २०२० मध्ये काढून टाकला.

पाण्याच्या कडेने आता काचेचे मनोरे उभे आहेत. त्यांतला पन्नास मजल्यांचा, पिरॅमिडचे टोक असलेला मनोरा १९९१ मध्ये पुरा झाला, आणि भाडेकरू मिळेनात म्हणून बांधणारी कंपनी १९९२ मध्ये दिवाळ्यात गेली. भुयारी रेल्वे येथवर यायला १९९९ उजाडले. मग मोठमोठ्या बँका आल्या. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा खोकी उराशी धरून बाहेर पडणारी माणसे जगाने पाहिली, ती येथल्याच बँक स्ट्रीटवरची. म्हणजे ज्यांना कायम जागा मिळाली होती त्यांनाही एका सोमवारी खोकी मिळाली. भाची त्या वेळी पाच वर्षांची होती.

तिने लांबूनच एका इमारतीकडे बोट केले. ती हिची. पहाटे दोनला येथून टॅक्सीने खोलीवर जायचे आणि नऊला परत यायचे, असे कित्येक दिवस गेले म्हणाली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांचा एक जर्मन विद्यार्थी लंडनमधल्या अशाच उन्हाळी उमेदवारीच्या शेवटी आपल्या राहत्या जागी मृत आढळला. त्याला अपस्माराचा झटका आला होता. थकव्यामुळे तो आला असे चौकशीत सिद्ध झाले नाही. त्यानंतर तासांविषयी नियम होऊ लागले. २०१५ मध्ये एका बड्या अमेरिकन बँकेने उन्हाळी उमेदवारांना मध्यरात्र ते सकाळी सात कचेरीत थांबण्यास मनाई केली. असा नियम लिहून काढावा लागतो, यावरून काय ते वाचकांनी समजावे. आमच्या सौ.नी तेव्हाच मत देऊन टाकले की झाले ते बरेच झाले, पोर घरी चालू दे. पण पोरीला तेच काम हवे आहे. तिला ते आवडते. कंपनीचे ताळेबंद उलगडताना तिचा चेहरा कसा होतो ते आम्ही पाहिले आहे; आमच्या मेहुण्यांचा चेहरा नवे लेथ यंत्र पाहताना तसाच होतो.

म्हणून पुन्हा अर्ज. याची तिकडची रीत आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले त्या वाटेवर आहेत त्यांना उपयोगी पडेल. पुढल्या उन्हाळ्याचे अर्ज आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू होतात, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटच्या तारखेची वाट न पाहता आले तसे निवडत जातात. त्यामुळे महिनाभर रडण्याचीही सोय नाही. दुसरी अडचण पात्रतेची. उन्हाळी उमेदवारी शेवटून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, आणि हिचे आता शेवटचे वर्ष. मात्र पदवीनंतर एक वर्षाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम घेतला, की येता उन्हाळा पुन्हा शेवटून दुसऱ्या वर्षाचा ठरतो. पुष्कळ मुले असेच करतात. पण त्याला आणखी एका वर्षाची फी लागते. पदवीसाठी देशी विद्यार्थ्याच्या फीला २०२४ मध्ये ९,२५० पौंडांची सरकारी मर्यादा होती. परदेशी विद्यार्थ्याला अशी मर्यादा कोणत्याच अभ्यासक्रमाला नाही. तिसरा मार्ग मधल्या काळातल्या तीन ते सहा महिन्यांच्या उमेदवारीचा, जो बहुधा लहान पेढ्यांत मिळतो. परंतु पुढे कायम ठेवायचे तर परदेशी मनुष्याला परवाना मिळवून देण्याचा अधिकार त्यांतल्या अनेकांजवळ नसतो.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रत्येक मुलाखतीत येणारा एक प्रश्न: ‘गेल्या उन्हाळ्यात तेथे होतात, त्यांनी ठेवून घेतले का?’ हे लपवता येत नाही. अर्जातून ते दहा आठवडे गाळले तर अनुभवच गेला, आणि खोटे सांगितले तर एका फोनसरशी उघडे पडते. आम्ही आमच्या बँकेच्या वळणाचे एक सविस्तर स्पष्टीकरण तयार करून दिले. त्यात ‘सबब’ आणि ‘तथापि’ भरपूर होते. भाचीने ते आदराने वाचले आणि त्याची दोन वाक्ये केली: जागा कमी होत्या आणि मला नाही मिळाली, माझे काम चांगले होते पण मी बोलत नव्हते, आणि आता त्यावर काम करते आहे. ज्या वरिष्ठ बाईंच्या हाताखाली तिने काम केले होते त्यांनी, मागितल्यावर, शिफारस देण्याचे कबूल केले. मागायला तिला चार दिवस लागले, हे वेगळे.

त्या सुमारास गणपती होते. महाराष्ट्र मंडळ, लंडन ही १९३२ मध्ये स्थापन झालेली संस्था. डॉलिस हिल लेनवर तिची स्वतःची वास्तू आहे. आरतीला गेलो. परदेशात झांजा वाजल्या की आपल्यासारख्या बाहेरगावी पिढ्या काढलेल्या माणसांना काय वाटते ते लिहायला नको. प्रसाद घेताना एका आजींनी भाचीला विचारले, ‘काय गं, बँकेत पक्की झालीस ना?’ दुसऱ्या बाईंची जाऊ वडोदऱ्याला रावपुऱ्यात राहते, हेही तेवढ्यात निघाले. परतताना गाडीत भाची म्हणाली, ‘मावशी, हे दुसऱ्याकडून बाबांना कळायला नको.’ वेंब्लीला उतरल्या उतरल्या तिने फोन लावला. तेव्हा वडोदऱ्याला मध्यरात्र उलटून गेली होती.

आम्हाला एकाच बाजूचे ऐकू येत होते. ती एका दमात सगळे बोलली, मास्टर्सच्या फीसकट. मग बराच वेळ नुसते ‘हो’, ‘हो बाबा’. फोन ठेवल्यावर सांगितले की बाबा आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, जेवलीस का. नंतर फीचा आकडा लिहून घेतला आणि म्हणाले की कारखान्यात पहिल्या वर्षी आपला माल तीनदा परत आला होता, हे तुला कधी सांगितले नव्हते वाटते. पैशांचे काय करायचे त्याचे उत्तर त्यांनी त्या रात्री दिले नाही. ते अजून ठरायचे होते.

आम्ही निघालो त्या दिवसापर्यंत तिचे एकोणीस अर्ज गेले होते. सात नकार आले होते, त्यांतले दोन तर अर्ज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तीन ठिकाणी संगणकाच्या पडद्याकडे पाहून एकटीनेच बोलायची मुलाखत झाली होती, आणि एका बँकेने नोव्हेंबरात दिवसभराच्या निवडचाचणीला बोलावले होते, जेथे पाचसहा उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवून चर्चा करायला लावतात. त्यासाठी रोज रात्री ती आमच्याशी वाद घालण्याचा सराव करी, आणि आम्ही बोलत असताना मध्ये बोले. आमच्या सौ. दोघांचे ऐकत भाजी निवडत. मेहुण्यांनी फोनवर त्या दिवसाची वेळ विचारून घेतली. नोव्हेंबरात लंडनची घड्याळे तासभर मागे गेलेली असतात, म्हणजे अंतर साडेपाच तासांचे. तिकडे सकाळचे नऊ, तेव्हा मकरपुऱ्यात दुपारचे अडीच.